बाळंतिणीचा मांगूर

आमच्या आत्याला 'नाही' हा शब्द ऐकू येत नसे. कान शाबूत होते. पलीकडच्या ब्लॉकमध्ये कुणी माझ्याबद्दल कुजबुजले तर तेही तिला नेमके ऐकू जाई. पण 'नाही' म्हटले की ती डोक्यावरचा पदर सारखा करायची आणि आपल्या कामाला लागायची. आत्या म्हणजे माझी सासू, रुक्मा. आमच्या भंडाऱ्याकडे सासूला आत्याच म्हणतात.

साठ सालचा डिसेंबर होता. भिलाईच्या सेक्टर ६ मध्ये आम्हाला नुकताच क्वार्टर मिळाला होता. आमचे हे, म्हणजे देवीदास, पोलाद कारखान्याच्या ब्लास्ट फर्नेसवर खलाशी मजूर होते. पक्क्या भिंती, काचेच्या खिडक्या, कडी लावली की घट्ट बसणारी दारे आणि मोरीत चक्क नळ! गावचे आमचे घर कुडाचे. भिंत संपते आणि छपराचे कवेलू सुरू होतात त्यामध्ये हातभर फट. वारा पाहुण्यासारखा यायचा आणि न विचारता जायचा. इथे वाऱ्याला दार वाजवावे लागत होते, आणि आत्या ते उघडत नव्हती.

कारण मी बाळंतीण होते. मुलगी झाली होती. आत्या साकोलीकडून बोचके घेऊन आली आणि तिने घराचा ताबा घेतला. तिची पहिली मुलगी अशाच पुसातल्या गारठ्यात, पाचवी पुजायच्या आत गेली होती. तेव्हापासून वारा तिचा हाडवैरी. तिने आतल्या खोलीच्या खिडक्या बंद केल्या, फटींत चिंध्या कोंबल्या आणि त्यावर कणकेच्या खळीने वर्तमानपत्रे चिकटवली. दाराखालच्या फटीला गोणपाट लावला. माझ्या बाजेखाली शेगडी ठेवली. बाळंतिणीला शेक हवाच. गावी शेगडीत गोवऱ्या असतात. इथे गोवऱ्या कुठल्या? देवीदासने दगडी कोळसा आणला. तो चांगला लाल व्हायचा आणि दिवसभर पुरायचा. आत्या खूश झाली.

मी मात्र दिवसेंदिवस खंगत चालले होते. डोके असे ठणकायचे की बाजेच्या कडेला कपाळ आपटावेसे वाटे. उठले की पाय लटपटत, खाल्लेले उलटून पडे. त्याचेही एक वेळ चालले असते. पण पोरगी रडत नव्हती. आल्या आल्या तिने अख्खा ब्लॉक उठवला होता. आता ती पडून राहायची. अंगाला लावली तर दोन घोट घ्यायची आणि तोंड उघडे टाकून झोपायची. गाल मात्र चांगले गुलाबी. शेजारची कौसल्या दारातून डोकावून म्हणायची, "किती शांत पोट्टी आहे वो तुमची!" मला त्या शांतपणाची भीती वाटत होती. ही पोर माझ्या हातून जाते आहे, हे मला कळत होते. कुठून जाते आहे ते कळत नव्हते.

"आत्या, खिडकी थोडी उघडा ना," मी एकदा म्हटले. "जीव कोंडून राहिला माझा."

"जीव नाई कोंडत, रगत नाई तुह्या आंगात," आत्या म्हणाली. "रगत नाई म्हून दूध नाई, दूध नाई म्हून पोट्टी मलूल. तुले मांगूर पाह्यजे."

देवीदासने टॉनिकची बाटली आणली होती. आत्याने ती फळीवर बाबासाहेबांच्या फोटोशेजारी ठेवून दिली. फेकली नाही, मला दिलीही नाही. तिच्या मनाने मांगूर मासा घेतला होता, आणि आत्याच्या मनाने एकदा काही घेतले की ते परत मिळत नसे.

माझ्या अंगाला तेल लावताना ती मांगुराच्याच गोष्टी सांगायची. तिचे माहेर तळ्याच्या पाळीवर. मांगूर तिने हाताने काढलेले. मांगुराला खवले नसतात, अंग काळपट आणि बुळबुळीत, तोंडाभोवती मिशा. कानाजवळच्या दोन्ही पंखांत एकेक काटा, तो लागला की हात खांद्यापर्यंत ठणकतो. पण खरी गंमत त्याच्या डोक्यात असते. कल्ल्यांच्या वर, कवटीच्या खोबणीत, त्याला लाल फांद्यांचे झुपके असतात. बाकीचे मासे पाण्यातच श्वास घेतात. मांगूर मात्र दर थोड्या वेळाने पाण्यावर येतो, तोंड उघडून हवेचा घोट घेतो आणि खाली जातो. म्हणून तळे आटले तरी तो चिखलात बीळ करून पडून राहतो. पावसात ओल असली की काट्यांवर रेलत, अंग वळवत धानाच्या एका बांधीतून दुसऱ्या बांधीत चालत जातो.

"आन आखाडात पाळीच्या बिळात मादी अंडे घालते, आन जाते निंघून," आत्या माझी पोटरी चोळत म्हणायची. "बाप बसते मंग बिळाच्या तोंडाशी. सापाले येऊ देत नाई, बेंडकाले येऊ देत नाई. सोता उपाशी राह्यते, पन हालत नाई. नाईतर आमचा देवीदास! पोट्टी झाली तं पेढे वाटून आला आन घोरत पडला."

"आई, नाइट होती माही," बाहेरून देवीदासचा आवाज यायचा.

"मांगुराले नाई का नाइट?"

तेल लावून झाले की तिलाही गरगरायचे. भिंतीला हात धरून ती बाहेर जायची आणि म्हणायची, वय झाले. तिची पथारी बाहेरच्या खोलीत होती, तिथे तिला गाढ झोप लागे.

सुपेल्याच्या बाजारात मांगूर मिळाला नाही. कुणी म्हणाले दुर्गला जा, कुणी म्हणाले पावसाळ्यात या. आत्याला ऐकू आले नाही. तिला एवढेच ऐकू आले की सेक्टरच्या पलीकडे कारखान्यासाठी उठवलेल्या एका गावाचे जुने तळे आहे, त्याची पाळ फोडून पाणी सोडून दिले आहे, आणि तिथे बुलडोझर माती लोटतो आहे. दिवाळीनंतर पाणी गेले तेव्हा लोकांनी रोहू-कतला टोपल्या भरून नेले होते. आता नुसता चिखल उरला होता. "मासे गेले, मांगूर कुठं जाते?" आत्या म्हणाली. तिने कौसल्येला सोबत घेतले, घमेले आणि खुरपे घेतले आणि निघाली.

तिथे काय झाले ते कौसल्येने मला नंतर इतक्या वेळा सांगितले की आता मीच पाहिल्यासारखे वाटते.

बुलडोझरवर चंपत नावाचा नागपूरचा माणूस होता. निम्मे तळे बुजले होते. आत्या चिखलात उतरली आणि लुगडे खोचून नेमकी त्याच्या पात्यासमोर उभी राहिली.

"बाई, हटा ना!" चंपत ओरडला. "साहेब चिल्लावते माह्यावर. आज हा कोपरा भरून टाकाचा आहे."

"भर ना. म्या कधी नाई म्हटलं? आधी माहे मांगूर काढून घेतो, मंग भर."

"इथं मासे गिसे काई नाई आता. सूखा पडला आहे सारा."

"तुह्या मायनं तुले जनलं, तवा थे काय खात होती?"

"मले काय मालूम?"

"मंग जा, इचारून ये. तवरोक मी खोदतो."

चंपतने कपाळाला हात लावला, इंजिन बंद केले आणि बिडी पेटवली. नागपूरला जाऊन आईला विचारून येणे काही शक्य नव्हते. आणि आत्याला हटवणे त्याहून अवघड, हे त्याने एका नजरेत ओळखले असावे.

चिखल वरून खपली धरून भेगाळला होता. आत्या वाकून वाकून पाहत फिरली. कुठे बोटभर भोक दिसले, त्याच्या कडेला ओल दिसली की ती तिथे बसायची, खुरप्याने खपली काढायची आणि कोपरापर्यंत हात घालायची. कितीतरी भोके खेकड्यांची निघाली. कौसल्या कंटाळून म्हणाली, चला आता. आत्याला ऐकू गेले नाही. सूर्य कलला तेव्हा तिचा हात एका बिळात अडकल्यासारखा थांबला आणि तोंडातून सणसणीत शिवी निघाली. काटा लागला होता. पण तिने हात बाहेर काढला तो मांगूर घेऊनच, दोन्ही काट्यांच्या मागे बोटांचा चिमटा घालून. त्याच बिळाच्या आसपास आणखी काही सापडले. शेवटी शेवटी तर चंपतच खाली उतरून भोके दाखवू लागला.

ती घरी आली तेव्हा हात मनगटापर्यंत सुजला होता. मोरीत देवीदासने साइटवरून आणलेला, घासून स्वच्छ केलेला तेलाचा ड्रम होता. तिने त्याच्या बुडाशी वीतभर पाणी ठेवले, घमेल्यातला चिखल आणि मांगूर त्यात सोडले, हाताला हळदीचा लेप लावला आणि दारातून मला म्हणाली, "आता सक्काळी पाह्यजो." एवढे बोलून ती पथारीवर आडवी झाली. तिच्या अंगात कणकण होती.

आता देवीदासचे ऐका. त्याच्याइतका मायाळू माणूस मी पाहिला नाही, पण मायेलाही थोडे डोके लागते. आत्याने उभ्या जन्मात गावच्या विहिरीला हात लावला नव्हता. काठापासून लांब घागर ठेवून उभे राहायचे. कुणाला दया आली तर तो वरून ओतणार. त्या आईचा मुलगा चार वर्षांपूर्वी नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला होता, आणि आता त्याच्या स्वतःच्या घरात नळ होता. नळाला पाणी आले की देवीदासला चैन पडत नसे. बादल्या, घागरी, कळशा, वाट्यासुद्धा तो काठोकाठ भरून ठेवायचा. अर्धे भांडे दिसले की त्याच्या पोटात दुखायचे. मी हसायचे, पण ते हसण्यासारखे नव्हते, हेही मला ठाऊक होते.

रात्री कामावरून आल्यावर त्याने ड्रममध्ये डोकावले. गढूळ चिखलात आपल्या आईने हात सुजवून आणलेले मासे लोळत होते, आणि तेही वीतभर पाण्यात! लहानपणीच तो गोंदियाच्या रेल्वे शेडमध्ये कामाला लागला होता. मांगूर त्याने ताटातच पाहिलेला. त्याने ड्रम कलंडून चिखल काढला, मासे नीट धुतले आणि नळाच्या स्वच्छ पाण्याने ड्रम भरला. काठोकाठ. मग शेजारचे मांजर आठवले. त्याने वर लोखंडी पत्रा टाकला आणि पत्र्यावर हा एवढा दगड ठेवला. मग झोपला.

सकाळी मला जाग आली ती आत्याच्या ओरडण्याने. जाग म्हणजे काय, डोळे उघडत नव्हते, डोक्यात घण पडत होते, आणि आवाज विहिरीच्या तळातून आल्यासारखा.

"मारले रे! सारेच्या सारे मारले! पान्यात बुडवून मारले!"

"आई, माशाले कोनी बुडवते का? कायच्या काय बोलून राहिली!" देवीदास म्हणाला.

मला त्याही अवस्थेत हसू आले. माझा नवरा माशाला बुडवणारा पहिला माणूस.

"अरे बयताडा, मांगूर वर येते, वारा घेते आन खाली जाते. तू काठावरोक पानी भरलं आन वरून पत्रा लोटला. तेनं तोंड कुठं काढावं? पत्र्याले टकरा देऊ देऊ मेले बिचारे!"

"पन पानी तं चांगलं होतं, आई. नळाचं होतं." त्याचा आवाज अगदी रडवेला झाला होता.

"पान्यानं का होते? वारा कुठं होता तेईले?"

तेवढ्यात मोरीत काहीतरी सळसळले. रात्री ड्रम कलंडताना एक मांगूर निसटून मोरीच्या कोपऱ्यात गेला होता, कुणाच्या लक्षातही आले नव्हते. तिथे पाणी नव्हतेच, नुसती ओली फरशी. तो काट्यांवर रेलून, मिशा हलवत, मजेत जिवंत होता. देवीदासने मला नंतर सांगितले की आत्या एकदा काठोकाठ भरलेल्या ड्रमकडे पाहत होती आणि एकदा त्या ओल्या कोपऱ्याकडे. मग तिने मान वळवून माझ्या खोलीच्या दाराकडे पाहिले. खाली गोणपाट, फटींत चिंध्या.

"देवीदास," ती हळूच म्हणाली, "पोट्टी रडली का रे राती?"

"नाई."

"काल?"

पुढच्या क्षणी दार धाडकन उघडले. आत्या आत आली. ती एवढी झपाट्याने चालताना मी कधी पाहिली नव्हती. तिने पोरीला माझ्या कुशीतून उचलले. पोरीची मान लुळी पडली होती. आत्याने तिला देवीदासच्या हातात कोंबले आणि ओरडली, "अंगनात ने! उनात ने, वाऱ्यात ने!" मग ती खिडकीला भिडली. खळ सुकून दगड झाली होती, चौकट थंडीने आवळली होती, आणि तिचा एक हात सुजलेला. खिडकी हलेना. आत्याने इकडेतिकडे पाहिले, मोरीत गेली, ड्रमवरचा तो दगड दोन्ही हातांनी उचलून आणला आणि काचेवर घातला.

थंड वारा आत घुसला तेव्हा माझ्या छातीत काहीतरी सुटल्यासारखे झाले. मी तोंड उघडून तो वारा अक्षरशः प्याले. आत्याने मला काखेत धरून ओढत अंगणात आणले. मागे वळून शेगडी पायाने बाहेर ढकलली आणि वर बादलीभर पाणी ओतले.

अंगणात देवीदास पोरीला छातीशी धरून उभा होता आणि पांढराफटक पडला होता. "गॅस," तो पुटपुटत होता. "आई, फर्नेसवर आमाले हेच शिकवतात. कोयशाचा गॅस, वास नाई, रंग नाई, मानूस झोपल्या झोपल्या जाते. रोज शिकवतात! आन मी घरी कोयसा आनून देल्लो."

"मंग बोल्ला कावून नाई?"

"मले वाटलं, गॅस फर्नेसमधी रायते."

आत्याने पोरीला त्याच्याकडून घेतले. दुपटे सोडले. डिसेंबरच्या गारठ्यात तिला उघडी केली, उताणी धरली, तळपायावर टिचक्या मारल्या, तोंडावर फुंकर घातली. ज्या वाऱ्याला ती इतकी वर्षे शिव्या देत होती त्याच वाऱ्याकडे तिने पोरीचे तोंड केले. "घे," ती म्हणत होती, "घे माय, घे." कौसल्या आपल्या दारात हात जोडून उभी होती. मी ओट्यावर बसून होते आणि मला माझ्या पोरीखेरीज काही दिसत नव्हते. तिचे ओठ हलले. तोंड उघडले. बंद झाले. पुन्हा उघडले.

मग ती रडली. आधी मांजरीसारखी, मग अख्खा ब्लॉक उठेल अशी. समोरच्या क्वार्टरमधून कुणीतरी हिंदीत विचारले, काय झाले म्हणून. देवीदास मटकन खाली बसला आणि तोही रडू लागला. मी कशी रडले ते मला आठवत नाही, कौसल्या म्हणते की सगळ्यात मोठ्याने मीच.

देवीदासने लगेच आम्हा दोघींना सायकल-रिक्षात घालून दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी तपासले आणि म्हणाले, हवा द्या, हवाच औषध आहे, शेगडी घरात दिसता कामा नये. आत्याला हे ऐकू आले. घरी येताच तिने बाकीच्या खिडक्यांच्या चिंध्या ओढून काढल्या, वर्तमानपत्रे फाडली. देवीदास फुटक्या काचेसमोर उभा राहून म्हणाला, "आई, कंपनीची काच होती."

"सांग कंपनीले, म्हातारीनं फोडली."

त्या एकट्या उरलेल्या मांगुराचे काय करायचे, असे कौसल्येने विचारले. त्याच्यामुळे पोर वाचली, मग त्याला कुठे सोडून यायचे का? आत्याने तिच्याकडे असे पाहिले की जणू कौसल्येलाच गॅस लागला आहे. "बाळतिनीचा आहे थो," ती म्हणाली. तिने तो चुलीच्या राखेने घासला, हळद-लसणाचा पातळ रस्सा केला आणि मला ओट्यावर बसवून, उघड्यावर, शेवटच्या थेंबापर्यंत पाजला. फार चवदार होता. नाही म्हटले तर खोटे होईल.

संध्याकाळी गारठा वाढला. मी बाजेवर पडले होते, पोरगी कुशीत चुटूचुटू पीत होती. बाजेखाली काही नव्हते. फुटक्या काचेतून वारा सरळ आमच्यावर येत होता. देवीदास म्हणाला, पुठ्ठा लावतो. आत्या 'नको' म्हणाली. मग पुठ्ठा अर्धा लावू? तेही नको. ती खिडकीजवळ पाट घेऊन आली, घोंगडी पाठीवर ओढली आणि फुटलेल्या काचेला पाठ देऊन बसली. वारा तिच्या दोन्ही बाजूंनी येत होता, खोलीत फिरत होता, पण आमच्यावर सरळ येत नव्हता. सुजलेला हात तिने मांडीवर ठेवला होता आणि डोळे पोरीवर. तिच्या त्या गेलेल्या मुलीचे नाव मी कधी विचारले नव्हते. त्या वेळी मला ते फार विचारावेसे वाटले, आणि माझी ही हट्टी, कजाग सासू मला माझ्या आईइतकी जवळची वाटली.

पण तोंडातून आले ते भलतेच. "आत्या," मी म्हटले, "तुमाले गारठा लागन ना."

तिने घोंगडी सारखी केली आणि पाट आणखी थोडा खिडकीकडे सरकवला.

"लागू दे," ती म्हणाली. "मी का बाळतीन आहो?"